उपासाचं खाऊन दिलेलं रक्त

माझा मामा गेला तेव्हा उत्तरकार्याला आलेल्या प्रत्येकाकडे त्याच्या मरणाचं एकेक कारण तयार होतं. कुणी तंबाखू म्हणालं. कुणी काजूच्या कारखान्यातल्या धुराचं नाव घेतलं. मामीच्या भावानं तर सरळ सांगून टाकलं की नजर लागली, कारण मामानं नुकतीच नवी मोटरसायकल घेतली होती. आजऱ्याच्या बाजारात भाजी घेता घेता तो खाली बसला तो उठलाच नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. अंगानं कसलेला, पोट नाही, चार जिने चढला तरी दम लागायचा नाही. त्याच्या आधी माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, असेच गेले होते. आई तेव्हा शाळेत होती. आजोबांच्या वेळी कारण भुताचं निघालं होतं, मामाच्या वेळी नजरेचं. दोन पिढ्यांत आमची प्रगती एवढीच.

मी पत्रकं लिहिते. स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीला कुलूप का, शाळेच्या दारात कचरा कुणी आणून टाकला, असल्या विषयांवर. एका पानात सगळा राग बसवायचा आणि शेवटी 'जाब विचारा' असं ठळक छापायचं, हे मला जमतं. पण मामाच्या दारातल्या मांडवात बसले होते तेव्हा जाब कुणाला विचारायचा तेच कळेना. मी आईकडे बघत होते. वडील गेले, भाऊ गेला, आणि त्यांच्या मधली ही बाई फोटोपुढं उदबत्ती लावत होती. पदर नीट केला, वळली, माझ्याकडे बघून म्हणाली, "चहा घेतलास का?" त्या दिवसापासून माझी नजर तिच्यावरून हलली नाही.

कोल्हापुरात परत आल्यावर थोड्याच दिवसांत आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळानं रक्ततपासणीचं शिबिर ठेवलं. पत्रक माझ्या हातचं नव्हतं. लॅबवाल्यांनी मजकूर दिला, मंडळानं जसाच्या तसा छापला: 'तपासणीस येताना उपवास आवश्यक.' मी आई-पप्पा दोघांची नावं दिली.

घरात सगळ्यांची समजूत अशी की काळजी करायची तर पप्पांची. पप्पा उद्यमनगरात लेथवर काम करतात. त्यांचं पोट त्यांच्या आधी मशिनपर्यंत पोचतं. रविवारी मटण, बुधवारी मटण, आणि मधल्या दिवसांत मटणाच्या गप्पा. तांबड्या रश्श्यावर जो तेलाचा लालभडक थर येतो, तो कट, आमच्या घरात पहिला पप्पांच्या वाटीत पडतो. मग पाहुण्यांच्या. आई सगळ्यात शेवटी बसते. तोवर पातेल्यात कट राहिलेला नसतो, बऱ्याचदा फोडीही नसतात. उरलेल्या रश्श्यात भाकरी कुस्करायची आणि उठायचं, हे तिचं जेवण. अंगानं काडी. कांदा-लसणाच्या चटणीच्या ऑर्डरी घेते, मिरच्या भाजते, डंकावर जाऊन कांडून आणते, दिवसभर पायांवर असते. अशा बाईला कोलेस्टेरॉल म्हटलं तर कुणीही हसेल.

रिपोर्ट आले. पप्पांचा नॉर्मल. आईच्या कागदावर मात्र खालून वरपर्यंत ठळक अक्षरं. एलडीएल, म्हणजे लोक ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, दोनशेच्या पुढं. ट्रायग्लिसराइड्स म्हणून रक्तातल्या चरबीचा आणखी एक प्रकार असतो, तोही चढलेला.

"मशिन उलटं लावलंय बघा," पप्पा म्हणाले. "चरबी माझी मोजली आणि नाव हिचं घातलं!" आणि स्वतःचा कागद घेऊन ते दारात जाऊन उभे राहिले. समोरून जाईल त्याला थांबवून दाखवत होते. "बघा पावणं, मटन चालतंय मला. कागुद हाय!"

मला हसू येत नव्हतं. मी कागद आईपुढं धरला. तिनं त्यावर एक नजर टाकली आणि मिरच्यांची देठं काढत राहिली.

"शाबूचं असंल ते," ती म्हणाली.

"कसला शाबू?"

"उपास धरून या म्हणालते की. मग सकाळी उठून शाबूची खिचडी केली. कूट घालून. जिरं-मिरची उपासाचीच होती, मीठबी सैंधव घातलं. काय चुकीचं खाल्लं न्हाय मी."

लॅबच्या पोरीनं तिला विचारलं होतं, काही खाल्लं नाही ना? आणि आईनं अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, न्हाय बाई, उपास हाय माझा. खोटं कुणीच बोललं नव्हतं. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात संकष्टी, एकादशी, सोमवार पाळले, तिला 'उपवास' या शब्दाचा अर्थ विचारा. उपवास म्हणजे पोट रिकामं ठेवणं नव्हे. उपवास म्हणजे वेगळं खाणं. आणि ते वेगळं, खरं सांगायचं तर, रोजच्यापेक्षा जड.

संध्याकाळी गल्लीत चौकशी केली तर अर्ध्या गल्लीनं तेच केलं होतं. कुणी राजगिऱ्याचा लाडू खाल्ला होता, कुणी केळी आणि दूध. शेजारच्या भाभी साड्यांना फॉल-बीडिंग करतात. त्यांनी उपवास म्हणजे रोजा धरला. पहाटे उठून व्यवस्थित सहेरी केली, भरपेट, आणि मग नऊला रक्त देईपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही.

"मला चक्कर आली की तिथं," भाभी सांगत होत्या. "त्या पोरीला वाटलं सुईला भ्याले. म्हटलं, अगं सुई काय, रोज हजार टोचतो आम्ही. तहान लागलीय मला!"

सगळे हसले. मीही हसले, पण आतून चिडले होते. पत्रक लिहिणाऱ्याला एवढंही सुचू नये? 'पाण्याशिवाय पोटात काही नको' हे लिहायला किती शाई लागते? असल्या एका शब्दावर माणसाचा जीव टांगलेला असतो आणि तो शब्द कुणीतरी खुर्चीत बसून, दुसऱ्या कागदावरून उतरवून काढलेला असतो.

खरा त्रास पुढं होता. त्या शाबूनं आईला पळवाट दिली. पुन्हा तपासू म्हटलं की ती म्हणायची, "कशाला? कळलं की कशानं आलं ते." नणंदा-जावांच्या फोनवर तीच गोष्ट. "काय न्हाय ओ, शाबू खाल्लता त्या दिवशी." पप्पांनाही ते पटलं. मलाच पटत नव्हतं, आणि पटत नाही हे कुणाला पटवता येत नव्हतं.

मग माझं सुरू झालं ते ऐकत राहणं. आई वर गच्चीवर मिरच्या पसरायला गेली की मी खालून पावलांचा आवाज ऐकायची. आवाज थांबला की माझं काम थांबायचं. स्वयंपाकघरात भांडं पडलं की मी धावत जायची. ती विचारायची, "काय गं?" मी म्हणायची, "काही नाही, पाणी." दिवसातून इतकं पाणी प्यायले की तिला माझीच काळजी वाटायला लागली. पोरीला साखर तर नाही झाली, असं तिनं भाभींना विचारलं म्हणे. बाहेर सभेला गेले तरी फोन हातात. घरचा नंबर दिसला की मी सभेतून उठून बाहेर पळायची, आणि पलीकडून आई म्हणायची, "येताना कोथिंबीर आण."

लॅबनं रिपोर्टबरोबर एक रंगीत कागद दिला होता, काय खावं आणि काय खाऊ नये. त्यात ऑलिव्ह तेल होतं, सामन मासा होता, अव्होकाडो होता. हा कागद मी भिंतीवर लावला नाही, फाडलाही नाही. दात-ओठ खात पुन्हा पुन्हा वाचला. लक्ष्मीपुरी बाजाराच्या कुठल्या बोळात सामन मिळतो? आणि जी बाई सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाते, तिला 'तुमच्या आवडीचे पदार्थ कमी करा' असं सांगायला जीभ कशी उचलते? तिची आवड या घरात कुणी कधी विचारली? मीसुद्धा नाही.

तरी करायचं ते केलं. तळलेल्या तेलाचा डबा फेकून दिला, कारण आई तेच तेल पुन्हा फोडणीला घ्यायची. डालडा घरातून गेला. आठवडाभर पप्पांनी तोंड वाकडं केलं. मोबाईलवर मावशीकडून अर्जुनाच्या सालीचा काढा आला, आत्याकडून उपाशीपोटी लसूण, कुणाकडून दालचिनी आणि मध. आईनं लसूण आनंदानं खाल्ला. तिच्या हाताला तसाही दिवसभर लसणाचाच वास. "बघ, औषध हातातच होतं की," म्हणाली. मी पहाटे तिला रंकाळ्यावर चालायला नेलं. तिथं पुरुषांची झुंबड. एक फेरी मारायची आणि मग गाड्यावर उभं राहून मिसळ. आई म्हणाली, "ह्यांनी मिसळीसाठी चालायचं आणि मी कशासाठी?" दुसऱ्या दिवशी ती आली नाही. चटणीची ऑर्डर होती.

एका दुपारी ती डंकावरून चटणीचा डबा घेऊन आली आणि जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसली. डबा मांडीवर, हात छातीवर, कपाळावर घाम.

"काय झालं?"

"काय न्हाय. पित्त."

"पित्त असं असतं?"

"मग कसं असतंय? तू काय डॉक्टर हायस?"

बायकांच्या छातीत दुखलं की ते पित्त. बाप्याच्या छातीत दुखलं की गल्लीभर रिक्षा शोधत पळायचं. मी डबा उचलला, चप्पल तिच्या पायात सरकवली आणि तशीच तिला रिक्षात घातली. वाटेत ती एकच गोष्ट सांगत होती: चटणीला झाकण नीट लावलंय का, वास जातोय.

डॉक्टरीणबाई वयानं आईएवढ्याच. ईसीजी काढला, नीट आला. मग त्यांनी जुना रिपोर्ट मागितला, आणि आईनं लगेच शाबू पुढं केला. बाई ऐकून घेत होत्या. ऐकता ऐकता त्यांचं लक्ष आईच्या डोळ्यांकडं गेलं. आईच्या दोन्ही पापण्यांवर, नाकाच्या बाजूला, पिवळसर चट्टा आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढा, त्वचेच्या जरा वर आलेला.

"हे कधीपासून?"

आई चक्क खूश झाली. "ते व्हय? ती आमच्या घरची खूण. माझ्या बापाला होती, भावाला होती. आमची आई म्हणायची, हळद लागून ऱ्हायलीय. चांगलं असतंय म्हणं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हळद नाही मावशी, रक्तातलं कोलेस्टेरॉल साठतं ते तिथं," त्या म्हणाल्या. आजोबांचा एकुलता एक फोटो माझ्या डोळ्यापुढं आला; तो काळा-पांढरा आहे, त्यात पिवळं काय दिसणार. मामा आठवला, हसताना डोळे बारीक करायचा तेव्हा तो ठिपका दुमडायचा. लहानपणी मी त्याला बोट लावून बघायची.

"भाऊ कशानं गेले?" बाईंनी विचारलं.

आई माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "अटॅक. आजोबाही."

पुन्हा रक्त द्यायचं ठरलं. "शाबूनं ट्रायग्लिसराइड्स चढतात, ते मी मान्य करते," बाई म्हणाल्या. "पण एलडीएल एका खिचडीनं एवढं चढत नाही, मावशी. तरी तुमच्या मनात शंका नको. उद्या सकाळी या. पाणी चालेल. बाकी काही नाही. उपासाचंसुद्धा नाही."

"चहा?"

"चहा नाही."

"दूध न घालता?"

"मावशी."

दुसरा रिपोर्ट घ्यायला मी एकटी गेले. लॅबच्या दारात उभी राहून मी लिफाफा उघडलाच नाही. बसस्टॉपवर आले, बस आली, बसले, आणि खिडकीच्या काचेला टेकून उघडला. ट्रायग्लिसराइड्स खाली आले होते. एलडीएल होतं तिथंच होतं. शाबू निर्दोष सुटला होता, आणि आईची पळवाट बंद झाली होती. मला वाटलं होतं, खरं काय ते कळलं की भीती कमी होईल. झाली नाही. उलट तिला आता आकडा मिळाला होता.

बाईंनी आईला जे सांगितलं ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलंय, कारण इतकं सरळ कुणी आधी सांगितलं नव्हतं. "मावशी, हे तुम्ही खाल्लेलं नाही. कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच, लिव्हर ते तयार करतं. रक्तात जास्त झालेलं परत ओढून घेणं हेही लिव्हरचंच काम. तुमच्या घराण्यात ते ओढून घेणं कमी पडतं. म्हणून ते रक्तात राहतं आणि वर्षानुवर्षं नळ्यांना आतून थर देत बसतं. दुखत नाही, कळत नाही. भाकरी, उसळ, भाज्या तुम्ही खाताच, तेल कमी केलंय, चांगलं केलंय. पण तेवढ्यानं हे उतरणार नाही. गोळी लागेल."

"किती दिवस?"

"कायमची."

पप्पा बरोबर आले होते. त्यांनी खिशातून स्वतःचा रिपोर्ट काढला. घडी घालून ते तो सगळीकडं बाळगायचे. बाईंनी वाचला आणि परत दिला. "तुमचं नशीब चांगलं आहे. हा परवाना नाही. बीपी तपासून घ्या बाहेर." बीपी निघालं वाढलेलं. त्या दिवसापासून तो कागद खिशातून गेला.

आई मात्र 'कायमची' या शब्दावर अडून बसली. गोळ्यांची पाकिटं फडताळात, हळदीच्या डब्यामागं. रोज मी विचारायची, रोज ती म्हणायची, उद्यापासून.

"एकदा चालू केली की चिकटती ती," ती म्हणायची. "सवय लागती. मरंपर्यंत सुटत न्हाय."

"नाही घेतलीस तर मरण लवकर येईल की!"

"तोंड बघ हिचं. आईला मर म्हणती."

"मी मर म्हणत नाही, मरू नको म्हणतेय!"

"वरडू नको. भाभी ऐकत्यात."

भिंतीपलीकडून भाभी म्हणाल्या, "ऐकतोय की. घे बाई गोळी. आमचे हे रोज घेतात. मागच्या लग्नात तर गोळी खिशात घालूनच बिर्याणीला बसले. म्हणाले, खाली बिर्याणी, वर गोळी."

"हिला सांगा, पप्पा," मी म्हणाले.

"घे की गं," पप्पा म्हणाले. "मी तंबाखू कायमची घेतोय, तू गोळी घे. फिटंफाट."

मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते उठून बाहेर गेले. मीच परत बसले. बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं: ही सवयीची गोळी नाही, नशा नाही. चष्म्यासारखी आहे, लावलास तर दिसतं, काढलास तर पुन्हा अंधुक. अंग दुखायला लागलं तर सांगायचं, त्या बदलून देतील. आपल्या मनानं बंद मात्र करायची नाही. आई ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "आणि तुझं?"

"माझं काय?"

"त्या बाई म्हणाल्यात की, पोरीचं बघून घ्या. निम्म्याला येतंय म्हणं. मला काय ऐकू येत न्हाय व्हय? तू तुझं बघ. मग मी गोळी घेती."

तिनं बरोबर ऐकलं होतं. छापा-काटा, बाई असंच म्हणाल्या होत्या. मी रोज आरशात पापण्या ताणून बघत होते आणि आईपुढं मात्र तिच्याबद्दलच बोलत होते. तिच्यासाठी घाबरणं मला जमत होतं. स्वतःसाठी घाबरायला लागलं तर कुणाकडं बघून वरडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी काही न खाता-पिता मी लॅबमध्ये गेले. आई बरोबर आली, मी नको म्हणत असताना. बाकावर शेजारी बसली, पिशवी मांडीवर. सुई टोचताना तिनं तोंड दुसरीकडं केलं. चटणीच्या आगीत हात घालणारी बाई.

संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर आला. आईइतका नाही, पण चढलेला. डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, आधी काही महिने खाणं, चालणं, मग पुन्हा बघू, गोळीचं तेव्हा ठरवू. आणि लग्नाचं, मुलांचं काही ठरलं तर आधी मला सांग, कारण त्या काळात ही गोळी चालत नाही. आईनं बाहेर आल्यावर माझा हात धरून विचारलं, "हे कुणाला सांगायचं न्हाय न्हवं? स्थळं येतील तेव्हा?" मी म्हणाले, "सांगायचं. ज्याला चालणार नाही त्यानं चहा पिऊन जावं." ती रिक्षात जाऊन बसली.

घरी आल्यावर तिनं स्वयंपाकाला हात लावला नाही. जमिनीवर भिंतीला टेकून बसली. लायटीची वेळ झाली तरी लाईट लावली नाही. मी लावायला उठले तर म्हणाली, "बस जरा."

बसले.

"नवीन लगीन होऊन आलते तवा तुझी आजी येता-जाता विचारायची. माहेराहून काय आणलंस? भांडी किती आणलीस? मी खाली मान घालायची. काय नव्हतंच आमच्यात, तर काय सांगणार." ती थांबली. "आज असायला पायजे होती. म्हटलं असतं, हे बघा आणलंय. तुमच्या नातीलाबी दिलंय."

"आई, तुझ्यामुळं नाही गं हे."

"माझ्यामुळं न्हाय. पण माझ्यातनं की."

ती उठली. फडताळ उघडलं, डबा बाजूला केला, पाकीट काढलं. गोळी दाबून तळहातावर घेतली आणि उजेडाकडं धरून बघितली. एवढीशी पांढरी गोळी.

"हिनं अटॅक येणार न्हाय न्हवं?"

पत्रक असतं तर मी 'नक्की' लिहिलं असतं. ठळक अक्षरात. तिचा चेहरा समोर होता, आणि खोटं बोलायला माझी छाती होईना.

"धोका कमी होतो," मी म्हणाले.

"किती?"

"बराच. पण सगळा जात नाही. कुणीच तसं सांगू शकत नाही."

तिनं मान हलवली, बाजारात भाव जास्त सांगितला आणि तरी घ्यायचंच असलं की हलवते तशी. पाणी घेतलं, गिळली, तांब्या खाली ठेवला. मग लाईट लावली आणि भाकरीचं पीठ काढलं.

त्याला आता काही आठवडे झाले. पुढची तपासणी व्हायची आहे. आकडा उतरला असेल की नसेल, हे मला रोज वाटत राहतं, आणि जिन्यावरच्या पावलांचा आवाज अजून मी ऐकतेच. जेवणं झाली की मी तिच्या हाताकडं बघते आणि ती माझ्या ताटाकडं. पप्पा म्हणतात, घरात दोन पोलीस झालेत.

परवा भाभींनी बटाटेवडे पाठवले. गरम होते. पप्पांनी दोन उचलले आणि बाहेर गेले. मी एक उचलला. आईनं वर न बघता, पीठ मळत, म्हटलं, "ठेव खाली."

"एकच गं."

"ठेव म्हणतीय न्हवं. तुझं रक्त माझं हाय."

मी ठेवला.